मुलांना नाताळची सुट्टी, आईचा प्रबंध बाकी

मीरा रोडच्या एकाच इमारतीत डिसेंबरचा शेवटचा आठवडा दोन तऱ्हेचा असतो. मिशनरी संस्थेच्या इंग्रजी शाळेत जाणारी मुले नाताळच्या आधीपासून थेट नवे वर्ष उजाडेपर्यंत घरी असतात. शेजारच्या दारातली उर्दू किंवा मराठी शाळेची मुले मात्र बहुधा २५ तारखेची एक सुट्टी घेऊन २६ ला पुन्हा दप्तर उचलतात. पालकांना ही शाळेची मर्जी वाटते. खरे तर राज्याच्या शिक्षण विभागाचा नियमच तसा आहे. वर्षातील एकूण सुट्ट्या ७६ दिवसांपेक्षा जास्त होता कामा नयेत, पण उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतले काही दिवस कमी करून ते गणेशोत्सवात वा नाताळात देण्याची मुभा शाळांना आहे. ज्यांनी दिवाळी आखडती घेतली, त्या शाळा नाताळात हात सैल सोडतात. म्हणजे ही सुट्टी आयत्या वेळी कोणी जाहीर करत नाही. जूनमध्ये मिळालेल्या शाळेच्या डायरीत ती छापलेली असते.

तरीही दरवर्षी काही घरांवर ती अचानक कोसळते. ज्या घरात आई स्वतः शिकते आहे किंवा कॉलेजात शिकवते आहे, अशी ही घरे.

या सदरात दर डिसेंबरला मुलांची सुट्टी सत्कारणी कशी लावावी यावर लिहिले जाते. या खेपेला आईविषयी लिहिते, कारण तशी पत्रे येऊ लागली आहेत. भाईंदर पूर्वेच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. मुले सहा आणि तीन वर्षांची, पीएच.डी.ची नोंदणी होऊन तिसरे वर्ष चालू, मार्गदर्शकांना वर्षअखेर एक प्रकरण हवे आहे. पती दुकानात, सासूबाईंचे गुडघे धरलेले. वन बीएचकेचे घर. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की बसू कुठे आणि कधी?

अशा आया आता आपल्यात दुर्मिळ राहिलेल्या नाहीत. नया नगरात, शांती नगरात एकेका जिन्यावर अशी एखादी भेटते. कोणी बी.एड. करते आहे, कोणी नेट-सेटचा अभ्यास, कोणी तासिका तत्त्वावर शिकवते आहे. आणि त्यांचा हंगाम नेमका हाच. डिसेंबरच्या सत्राची नेट अलीकडे घसरत जानेवारीत जाऊ लागली आहे. डिसेंबर २०२४ ची परीक्षा प्रत्यक्षात ३ जानेवारी २०२५ ला सुरू झाली. म्हणजे उजळणीचे शेवटचे दहा दिवस आणि मुलांच्या सुट्टीचे दहा दिवस एकावर एक. कॉलेजात सत्रपरीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या असतात. पीएच.डी.वाल्यांना दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे आपली प्रगती मांडायची असते. तासिका तत्त्वावर शिकवणारीचे तर दुहेरी नुकसान. तास झाला तर पैसे, सुट्टीत तास नाही म्हणून पैसेही नाहीत, आणि घरातले म्हणतात, आता तुला सुट्टीच आहे ना!

सगळ्याचे मूळ त्या वाक्यात आहे असे मला वाटते. आईचा अभ्यास घरात कामात धरला जात नाही. पती दुकानाचा हिशोब करत बसला की मुलांना गप्प केले जाते. आई लॅपटॉप उघडून बसली की मुले तिच्याकडे पाठवली जातात, कारण ती "घरीच आहे". कोणी वाईट हेतूने करत नाही. ज्या कामाचे महिन्याला पैसे येत नाहीत ते शौक, असा आपला हिशोब असतो.

या हिशोबाला सरकारनेही हातभार लावला आहे. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन, पारशी अशा अल्पसंख्य समाजांतील संशोधकांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. २०२२-२३ पासून ती बंद केल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. इतर योजनांशी ती दुबार होते, हे कारण दिले गेले. ज्यांना ती मिळत होती त्या मुलींना विचारा. फेलोशिपची रक्कम खात्यात जमा होई तोवर प्रबंध ही घरात नोकरी होती. सासरी मान होता, पाळणाघराचे पैसे निघत होते. आता नव्याने नोंदणी करणारीकडे तेवढे बोट दाखवायलाही काही नाही. तेव्हा घराने तिच्या कामाला काम म्हणणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

यावर एक जुनी सूचना ठरलेली असते. मुले लहान आहेत तोवर थांब, नंतर कर. काही भगिनी समजून-उमजून थांबतात, त्यांच्या निर्णयाचा मला आदर आहे. पण थांबण्याची किंमत माहीत असून थांबावे. नेट उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र सहायक प्राध्यापकपदासाठी आयुष्यभर चालते, त्या परीक्षेला वयाची अटही नाही. कनिष्ठ संशोधन फेलोशिपला मात्र आहे. ३० वर्षे, आणि स्त्रियांना ५ वर्षांची सवलत धरून ३५. पंचविशीत लग्न, तिशीच्या आत दोन मुले, धाकटे शाळेत जाईपर्यंत थांबायचे असे ठरवले तर ही खिडकी जवळजवळ बंद होते. आणि पीएच.डी.ची नोंदणी एकदा झाली की त्या दिवसापासून घड्याळ चालू होते.

आता सुट्टीच्या दहा दिवसांकडे येऊ. माझ्या मते या सुट्टीत एक मोठी देणगी दडलेली आहे, आणि बहुतेक घरे ती झोपेत घालवतात. मुंबईत डिसेंबरअखेर सूर्य सात वाजल्यानंतर उगवतो, फज्रची वेळ सहाच्या आसपास असते. शाळेच्या दिवसांत आईची फज्रनंतरची सगळी वेळ डबा, गणवेश, पाण्याच्या बाटल्या आणि शाळेच्या व्हॅनचा हॉर्न यांत जाते. सुट्टीत व्हॅन येत नाही. मुले साडेआठपर्यंत उठत नाहीत. फज्रनंतरचे दोन तास या दहा दिवसांत पूर्ण मोकळे असतात, आणि आपल्या उम्मतीच्या सकाळच्या वेळेत बरकत व्हावी अशी दुआ प्रेषितांनी (स.) केल्याचे हदीसमध्ये आहे. दहा दिवसांचे वीस तास झाले. एका प्रकरणाचा कच्चा मसुदा वीस तासांत उभा राहू शकतो.

पण एक अट आहे. रात्री लवकर निजायला हवे. सुट्टी म्हणून मुले बारापर्यंत जागणार, पाहुणे अकराला उठणार, मग बिर्याणीची भांडी आईनेच घासायची, तर पहाटेचे दोन तास कुठून येणार? इशानंतर घर शांत करण्याची जबाबदारी घरातल्या पुरुषाने घ्यावी. आणि सकाळचा नाश्ताही. दहा दिवस पाव-बुर्जी किंवा कोपऱ्यावरचे नान आणले तर कोणी उपाशी राहत नाही.

दुसरी गोष्ट, अभ्यासाची सगळी कामे एका जातीची नसतात. युक्तिवाद मांडणे, प्रकरण लिहिणे, अवघड लेख वाचणे, याला सलग दीड-दोन तास लागतात. मध्ये तीनदा "अम्मी, शूशू" झाले की धागा तुटतो आणि पुन्हा जुळायला अर्धा तास जातो. संदर्भांची यादी नीट लावणे, तक्ते टाइप करणे, तळटिपा तपासणे, पत्रांना उत्तरे देणे ही कामे मात्र मूल शेजारी चित्र रंगवत असतानाही होतात. अनेक भगिनी उलटे करतात. पहाटेची शांत वेळ टायपिंगमध्ये घालवतात आणि दुपारी मुलांच्या गोंगाटात प्रकरण लिहायला बसून रडकुंडीला येतात. आदल्या रात्री कागदावर दोन रकाने करून कामे वाटून ठेवली की हे टळते. ग्रंथालयाचेही तसेच. कालिन्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे तर सांताक्रूझपर्यंत लोकल, पुढे बस किंवा रिक्षा. जाण्या-येण्यात तीन तास सहज मोडतात. त्यातला एकच दिवस ठेवावा, तिथेच मिळेल ते पाहण्यासाठी. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध "शोधगंगा" या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट वाचता येतात, त्यासाठी गर्दीची गाडी पकडू नये.

मोबाइलबद्दल विचारले जाते. दुपारी एक तास कार्टून लावून दिले म्हणून मूल बिघडत नाही. तो तास ठरलेला असावा. आईचे काम संपेपर्यंत मोबाइल असा नियम झाला की मूल आईच्या कामाची वाट पाहत नाही, काम वाढावे म्हणून वाट पाहते!

पाळीपाळीने सांभाळ हा उपाय आपल्या इमारतींत सहज जमेल असा आहे. शेजारपाजारच्या तीन आया, तिघींची मिळून पाच-सहा मुले, प्रत्येकीने दोन दिवसांआड एक सकाळ सगळी मुले सांभाळायची. आपली पाळी आली की त्या दिवशी पुस्तक उघडायचेच नाही, उरलेल्या दोन सकाळी आपल्या. तिघींपैकी एखादी शिकत नसेल, तर तिलाही त्या दोन सकाळी मिळू द्या. झोपायला, माहेरी जायला, काहीही करायला. नाहीतर ती बिचारी फुकटची आया होते. आजीबद्दलही हेच म्हणेन. नानी-दादी नातवंडांना जीव लावतात म्हणून पूर्ण दहा दिवस त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर टाकणे बरे नव्हे.

कोकणातल्या घरांना आणखी एक वाट आहे. महाड, माणगाव, श्रीवर्धन, खेड, चिपळूण इकडची कितीतरी कुटुंबे मीरा रोडला आहेत. वडिलांनी चार दिवस रजा काढून मुलांना घेऊन एसटीने गावी जावे. रायगडात हे पोपटीचे दिवस असतात. वालाच्या शेंगा, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, मडके आणि जाळ, मुलांना आणखी काय हवे? आई मीरा रोडलाच राहील. यावर गावात पहिला प्रश्न येणार, "मुलांची आई नाही आली?" तेव्हा वडिलांनी उत्तर द्यावे की तिचे काम आहे. माझी सून पीएच.डी. करते हे लग्नाच्या मांडवात अभिमानाने सांगणाऱ्या सासऱ्यांनाही हे उत्तर देता आले पाहिजे. चार दिवस बापाच्या हाती मुले सोपवली तर ती केस न विंचरता फिरतील, एखाद्या दिवशी अंघोळही बुडेल. बुडू द्या.

बापाने मुले सांभाळणे हे नव्या जमान्याचे खूळ आहे असे समजणाऱ्यांनी सूरह आल-इमरान पुन्हा वाचावी. हजरत मरयम (अलैहस्सलाम) यांच्या आईने पोटातले मूल अल्लाहच्या सेवेला देण्याचा संकल्प केला होता. मुलगी जन्मली. तिचा सांभाळ कोणी करायचा यावर तिथल्या सेवकांत चढाओढ लागली, आणि निवाडा व्हावा म्हणून त्यांनी आपापली कलमे टाकली. मुफस्सिरांनी लिहिले आहे की याच कलमांनी ते तौरात लिहीत असत. कौल हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) यांच्या बाजूने लागला. वयोवृद्ध, स्वतः प्रेषित, आणि त्यांनी ती जबाबदारी आनंदाने घेतली. शिकलेसवरलेले पुरुष एका लहान मुलीचा सांभाळ आपल्या वाट्याला यावा म्हणून कलमे पणाला लावत होते. आपल्याकडे मूल रडले की कलम खाली ठेवायला आईलाच सांगतात.

प्रेषित (स.) घरी काय करत असत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले होते. घरच्यांच्या कामात ते असत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असे त्यांचे उत्तर सहीह बुखारीत आहे. नात उमामा हिला उचलून घेऊन त्यांनी नमाज पढल्याचेही त्याच ग्रंथात आहे. आणि मागे एखादे मूल रडताना ऐकू आले तर ते नमाज आखडती घेत, कारण त्या मुलाची आई जमातीत उभी असे. ही हदीस आपण मुलांवरच्या दयेची म्हणून सांगतो, तशी ती आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या आईला कोणी सांगितले नाही की मूल आहे तर घरी थांब. जमातीने तिच्यासाठी आपली वेळ जुळवून घेतली.

मुलांचेही थोडे बोलू, कारण सुट्टी शेवटी नाताळची आहे. शाळेत झाड सजवलेले पाहून आलेले मूल विचारणार, आपण का नाही करत? गडबडीतल्या आईला "आपल्यात नसते" म्हणून विषय संपवावासा वाटतो. त्याऐवजी एका संध्याकाळी, मगरीबनंतर, सूरह मरयमची हकीकत सांगावी. खजुराच्या झाडाखाली एकट्या हजरत मरयम, खालून वाहणारा झरा, ताजे खजूर, आणि पाळण्यातल्या हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांचे बोलणे. मुलांना ही गोष्ट फार आवडते आणि त्यांना कळते की ज्यांचा जन्म शेजारी साजरा करतात ते आपलेही प्रेषित आहेत. आपण त्यांना अल्लाहचे प्रेषित मानतो, अल्लाहचा पुत्र मानत नाही, हा फरकही त्याच बैठकीत सांगून टाकावा. शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर उलमांमध्ये मतभेद आहेत, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. शेजाऱ्याशी चांगले वागण्यावर मतभेद नाहीत. कलकल आणि केकचे ताट आले तर केकात रम आहे का हे मोकळेपणी विचारावे. इथल्या ख्रिश्चन शेजारणींना आपली अडचण चांगली माहीत असते, बहुतेक जणी आधीच सांगतात.

वडिलांना मुलांसह एक अर्धा दिवस काढायचा असेल तर भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस आहे. तिथला समुद्र, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, पाली आणि चौकच्या गल्ल्यांतले कागदी तारे, आणि आपल्यासारखीच मराठी बोलणारी कोळी ख्रिश्चन माणसे. मुलांचे फिरणे होते आणि आईला सलग पाच तास मिळतात.

शेवटी थोडे कागदपत्रांचे, कारण पत्रे वाचून असे दिसते की बहुतेकींना हे कोणी सांगितलेलेच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे कमीत कमी मुदत ३ वर्षे आणि जास्तीत जास्त ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. स्त्री संशोधकांना त्यावर अजून २ वर्षांची सवलत देता येते, एकूण मर्यादा १० वर्षांची. याशिवाय पूर्ण कालावधीत प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. ही रजा आपोआप मिळत नाही, मार्गदर्शकांमार्फत लेखी अर्ज करावा लागतो, आणि तोंडी "बघू या" म्हटले गेले तर त्याला अर्थ नाही. धाकटे मूल तीन वर्षांचे असलेल्या भाईंदरच्या भगिनीने आपण ही रजा घेतली आहे का, किती दिवस उरले आहेत, हे विभागातून आधी तपासून घ्यावे.

लग्न होऊन दुसऱ्या गावाहून मीरा रोडला आलेल्या आणि तिकडची नोंदणी सोडून दिलेल्या मुलींसाठी त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्त्री संशोधकाला गाव बदलावे लागले, तर तिचे संशोधन नव्या विद्यापीठात नेण्याची परवानगी, इतर अटी पूर्ण होत असतील तर, देण्याची तरतूद आहे. औरंगाबाद किंवा नांदेडहून आलेल्या ज्या मुलींनी सगळे संपले असे समजून फाइल माळ्यावर टाकली आहे, त्यांनी ती या सुट्टीत खाली काढावी. नोंदणीची तारीख, मंजूर विषयाचे पत्र आणि कोर्सवर्कची गुणपत्रिका एवढे तीन कागद सापडले तर नव्या विद्यापीठातील मार्गदर्शकांशी बोलता येते. जे सापडत नाहीत त्यांच्या प्रतींसाठी जुन्या विद्यापीठाकडे अर्ज आताच पाठवावा.